आमची ऋणे आम्हांस सोड

पोप लिओ चौदावे यांनी २०२५ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतीत साधा हिशेब मांडला. साठ वर्षांपूर्वी कंपनीचा सर्वोच्च अधिकारी कामगाराच्या चौपट ते सहापट पगार घ्यायचा. आपण पाहिलेला ताजा आकडा सहाशे पटींचा आहे, असं ते म्हणाले. बातमी आमच्या वसईपर्यंत पोचली आणि रविवारचा मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात दोन तट पडले. बँकेतून निवृत्त झालेले एक अंकल म्हणाले, ‘‘पोपना धंद्यातलं काय कळतं? तालंतांचा दाखला वाचा. पैसे जमिनीत पुरून ठेवणाऱ्या नोकराला धनी काय म्हणतो? निदान सावकाराकडे तरी ठेवायचेस, व्याजासकट परत मिळाले असते. येशू पक्का भांडवलवाला होता.’’ दुसरे अंकल, उभी नोकरी मुंबईच्या कारखान्यात लाल बावट्याखाली काढलेले, उसळले. ‘‘आणि बायबलातली प्रेषितांची कृत्ये कोण वाचणार? कुणी काही आपलं म्हणत नव्हतं, सगळं सामाईक होतं. येशू पहिला कम्युनिस्ट!’’ पाच मिनिटांत एक जण अमेरिकेवर पोचला, दुसरा सोव्हिएत रशियावर. पावाची पिशवी धरून मी मधे उभा. अर्ध्या तासापूर्वी या दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून एका सुरात जी प्रार्थना म्हटली होती, तिची दोघांनाही आठवण नव्हती.

‘आणि जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ मत्तयाच्या शुभवर्तमानातली सहाव्या अध्यायातली ही ओळ. प्रार्थना म्हणताना आपण बहुतेक जण ‘अपराध’ म्हणतो, पण मूळ ग्रीक शब्द कर्जाचा आहे, आणि येशू जी अरामी बोलत होता तिच्यात कर्ज आणि पाप या दोहोंना एकच शब्द चालतो, होबा. इथे कर्ज म्हणजे आध्यात्मिक कर्ज, असं धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला शिकवलं. असेलही. पण गालीलातल्या कुळाने ‘कर्ज’ हा शब्द ऐकून आधी आत्म्याचा विचार केला असेल, यावर माझा विश्वास बसत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे आधी सावकाराचा कागद आला असणार.

मला म्हणायचंय ते हेच. भांडवलशाही की समाजवाद, हा प्रश्न गेल्या दोन-अडीचशे वर्षांतला. तो पहिल्या शतकातल्या सुताराच्या मुलाला विचारायचा म्हणजे तुकोबांना जीएसटीचा स्लॅब विचारण्यासारखं आहे. ख्रिस्ती परंपरेचा स्वतःचा प्रश्न निराळा आहे, आणि दोन्ही अंकलना तो सारखाच जड जाईल. जो माणूस पडला, त्याला उठायची वाट व्यवस्थेतच बांधून ठेवली आहे, की ती कुणाच्या तरी दयेवर सोडली आहे? मालकी कुणाची, हे त्यानंतर बघू.

इ.स. ६६ मध्ये यरुशलेमात रोमविरुद्ध बंड पेटलं. बंडखोरांनी सुरुवातीलाच दप्तरखाना जाळला. सावकारांचे रोखे नष्ट व्हावेत आणि वसुली बंद पडावी म्हणून तो जाळला, असं इतिहासकार जोसेफस स्वच्छ लिहितो. आता आपल्याकडे या. १२ मे १८७५, भीमथडी तालुक्यातल्या सुप्याचा बाजार. अमेरिकेतल्या यादवी युद्धात चढलेला कापसाचा भाव युद्ध संपताच कोसळला होता, नव्या मोजणीने सारा वाढला होता, आणि इंग्रजांच्या दिवाणी कोर्टाने सावकाराच्या हाती जमीन विकायला लावणारा हुकूमनामा दिला होता. जमाव सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेला. पुढे हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. चौकशी आयोगानेच नोंदवून ठेवलंय, की दंगेखोरांचा रोख कर्जाच्या कागदांवर होता. जिथे ते मुकाट्याने हाती आले तिथे जमाव सहसा पुढे गेला नाही. मधे अठराशे वर्षं गेली, तरी दोन्हीकडे ‘जमीन सर्वांची’ अशी घोषणा नव्हती, आणि ‘बाजार मोकळा करा’ अशीही नव्हती. कागद फाडा, एवढीच मागणी होती.

जुन्या करारातलं नियमशास्त्र या मागणीला आधीच उत्तर देऊन बसलेलं आहे. दर सातव्या वर्षी कर्ज सोडायचं. पन्नासावं वर्ष योबेलाचं, कर्णा वाजवून जाहीर करायचं. त्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जायची, कारण जमीन माझी आहे आणि तुम्ही माझ्याकडे उपरे आहात, असं देव लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात बजावतो. गरिबाचं पांघरूण गहाण घेतलंत तर सूर्य मावळायच्या आत परत करा. मजुराची मजुरी त्याच दिवशी द्या. आणि मला सगळ्यांत आवडणारा नियम अनुवाद या ग्रंथातला: कुणाचं जातं, किंवा जात्याची नुसती वरची तळी, गहाण घेऊ नका, कारण तो माणसाचा जीवच गहाण घेतल्यासारखा आहे. ज्या घरात पहाटे जात्याची घरघर ऐकू येत होती त्या घरातल्या बाईला हे समजावून सांगावं लागलं नसतं. आपल्या माणसाकडून व्याज घ्यायला इथे बंदी आहे, पण कर्ज द्यायला नाही आणि गहाणालाही नाही. फक्त वसुलीने कुठे थांबायचं त्याची रेघ मारली आहे, आणि ती रेघ चुलीच्या अलीकडे आहे. योबेल वर्ष प्रत्यक्षात पाळलं गेल्याचा ठोस पुरावा नाही, हेही सांगून टाकतो. पण नासरेथच्या सभास्थानात येशूने आपल्या कामाची सुरुवात करताना वाचायला घेतला तो यशयाचा उतारा बंदिवानांच्या सुटकेचा आणि ‘प्रसादाच्या वर्षा’चा. ऐकणाऱ्यांना तो योबेलाचाच कर्णा वाटला असणार.

यावर बँकवाल्या अंकलकडचा सगळ्यांत वजनदार आक्षेप असा, की येशू माणसाशी बोलत होता, सरकारशी नाही. आणि त्यांच्याकडे पुरावा आहे. प्रेषितांची कृत्ये पाचव्या अध्यायापर्यंत वाचली तर हनन्या आणि सप्पीरा भेटतात. जमीन विकून काही पैसा त्यांनी मागे ठेवला आणि सगळाच दिला असं भासवलं. येशूचा शिष्य पेत्र हनन्याला म्हणतो, ती होती तोवर तुझीच नव्हती का? विकल्यावरही पैसा तुझ्याच हाती नव्हता का? म्हणजे सामाईक जगण्याच्या ऐन भरातसुद्धा मालकी नाकारलेली नाही. गुन्हा खोटं बोलण्याचा होता. ओढून घेतलेलं दान हे दान नव्हेच, हे मला मान्य आहे. आपल्या मातीतलं उदाहरण तर याहून बोलकं. घरच्या सावकारीची कर्जखतं तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली, पण आधी वाटणी केली आणि धाकट्या कान्होबाच्या हिश्श्याची खतं त्याच्या हवाली केली. भावाच्या वाटणीच्या कागदांना संतानेही हात लावला नाही.

पण कान्होबाच्या वाटणीच्या ऋणकोंचं काय? हा प्रश्न विचारला की इच्छेवर उभारलेला सगळा युक्तिवाद लंगडा पडतो. बायबलाने तो विचारलेला आहे. इ.स.पूर्व ४४५ च्या सुमारास नहेम्या हा पर्शियन राजाचा सुभेदार म्हणून यरुशलेमात आला. लोक गाऱ्हाणं घेऊन आले: दुष्काळात धान्यासाठी शेतं आणि घरं गहाण पडली, राजाचा कर भरायला कर्ज काढलं, आता पोरीबाळी दासी झाल्यात. सुप्याच्या कुणब्याचीच तक्रार, फक्त भाषा हिब्रू. नहेम्याने त्यांना दानाचं प्रवचन दिलं नाही. सरदारांना भर सभेत उभं केलं, आजच्या आज शेतं, द्राक्षमळे, घरं आणि शेकडा एक टक्क्याची वसुली परत करा म्हणाला. मी आणि माझे भाऊही उसने देतोच आहोत, अशी कबुलीही त्याने तिथेच दिली. सरदार ‘हो’ म्हणाले. त्या ‘हो’वर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून याजकांना बोलावून शपथ घेववली, आणि आपल्या अंगरख्याचा ओचा झटकून म्हणाला, शब्द मोडेल त्याला देव असाच झटकून टाको. याला स्वेच्छा म्हणायचं? हा सुभेदार आपलं काम करत होता, आणि बायबल त्याला त्यासाठी नावाजतं.

मिलानच्या बिशप अँब्रोजने चौथ्या शतकात श्रीमंतांना ऐकवलं होतं, की गरिबाला देता ते तुमच्या पदरचं नव्हे, त्याचंच त्याला परत करता. पोप सहावे पॉल यांनी १९६७ च्या परिपत्रकात हेच वाक्य आधाराला घेतलं. ‘परत’ या शब्दाने दानाचा सगळा हिशेबच उलटतो. देणाऱ्याला मोठेपणा नाही आणि घेणाऱ्याला मिंधेपणा नाही.

मजुरीचंही तेच. नालासोपाऱ्याच्या नाक्यावर सकाळी सातला उभे राहा. थापी आणि ओळंबा पिशवीत घातलेले गवंडी, ब्रशांचा जुडगा घेतलेले रंगारी, घमेली पालथी घालून त्यांवर बसलेल्या बाया. मुकादम मोटरसायकलवरून येतो, खाली न उतरता बोटाने चौघं मोजतो, आणि ज्यांच्याकडे बोट गेलं नाही ते पुन्हा भिंतीला टेकतात. दहापर्यंत गर्दी पांगते. उरतात ते वयस्कर, किंवा कालच गावाहून आलेले. येशूचा द्राक्षमळ्याचा दाखला या नाक्यावरचाच आहे. मळ्याचा मालक पहाटे मजूर नेतो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटी संध्याकाळी पाचला पुन्हा येतो. अजून रिकामे उभे असलेल्यांना विचारतो, दिवसभर इथे का उभे? ते म्हणतात, कुणी आम्हाला कामावर लावलं नाही. संध्याकाळी तो सगळ्यांच्या हातावर एकेक दिनार ठेवतो.

दोन्ही अंकलना हा दाखला आपला वाटतो. एकाला ‘जे माझे आहे त्याचे मी माझ्या मर्जीप्रमाणे करू नये काय’ हे मालकाचं वाक्य पाठ आहे, दुसऱ्याला समान दाम. मला वाटतं, दोघांचंही पाच वाजता उभ्या असलेल्या माणसाकडे नीट लक्ष गेलेलं नाही. तो आळशी नव्हता. आळशी माणूस दहालाच घरी जातो. आणि दिनार म्हणजे एका कुटुंबाची एका दिवसाची चूल. मालकाने मजुरी ठरवली ती त्या चुलीवरून; तासांवरून ठरवली असती तर पाचच्या माणसाच्या घरी त्या रात्री अर्धीमुर्धीही भाकरी शिजली नसती. याच्याच मागे जाऊन लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात लिहिलं, की गरजेपोटी किंवा याहून वाईट काही वाट्याला येईल या भीतीने कामगाराने जाचक अटी मान्य केल्या, तर ती त्याच्यावर झालेली जबरदस्ती आहे. त्याच परिपत्रकात त्यांनी खासगी मालमत्तेची बाजू घेतली आणि समाजवाद फेटाळला, हेही खरं. आताच्या पोपनी नाव निवडताना त्या लिओंचं आणि त्या परिपत्रकाचं स्मरण केलं, ते उगाच नाही.

बाजाराने जेवढ्यांना दारिद्र्यातून वर काढलं तेवढं कुठल्याही प्रवचनाने काढलेलं नाही, हे म्हणणं मी खोडणार नाही. माझ्या आजोबांच्या पिढीत वसईची वेलची केळी आणि भाजीपाला मुंबईला जायला लागला नसता, तर मी आज हा लेख लिहीत नसतो. चर्चने मात्र बाजाराशी शतकानुशतकं जो व्याजबंदीचा खेळ केला तो कौतुकाचा नाही. ३२५ च्या निकाया परिषदेने धर्मगुरूंना व्याजाची मनाई केली, ११७९ च्या लॅटरन परिषदेने उघड व्याजखोराला ख्रिस्ती दफनही नाकारलं. परिणाम काय झाला? कर्जाची गरज होती तिथेच राहिली. सावकारी ज्यूंच्या गळ्यात मारली गेली, आणि मग सावकारी करतात म्हणून ज्यूंचा द्वेष केला गेला. बंदी घालून हात झटकणारी नीती शेवटी सगळ्यांत दुबळ्याच्या मानेवर बसते, हा धडा चर्चने स्वतःच्या हाताने लिहिला आहे. पोलंडमधून आलेले पोप दुसरे जॉन पॉल यांना साम्यवादाची आतून ओळख होती, तरी १९९१ मध्ये भांडवलशाहीला त्यांनी सरसकट दाखला दिला नाही. उद्योग, बाजार, मालकी आणि माणसाची सर्जनशीलता यांना मान देणारी व्यवस्था म्हणत असाल तर हो; पण ते आर्थिक स्वातंत्र्य कायद्याच्या भक्कम चौकटीने माणसाच्या सर्वांगीण स्वातंत्र्याच्या सेवेला बांधलेलं नसेल, तर नाही.

लाल बावट्यावाल्या अंकलशी माझं भांडण लहान आहे, कारण त्यांचा पक्ष इतिहासाने बराचसा निकालात काढलाय. यरुशलेमच्या मंडळीत खाणं सामाईक होतं. पिकवणं आणि विणणं सामाईक असल्याचं कुठे लिहिलेलं नाही. ‘प्रत्येकाला त्याच्या गरजेप्रमाणे’ हे मार्क्सचं १८७५ मधलं वाक्य प्रेषितांच्या कृत्यांतून आल्यासारखं वाटतं. तर ‘जो काम करणार नाही त्याने खाऊही नये’ हे पौलाचं वाक्य चक्क स्टालिनच्या १९३६ च्या संविधानात, बाराव्या कलमात बसलंय. संदर्भ सोडला की पवित्र वचन कुठल्याही तुरुंगाच्या दारावर टांगता येतं. आणि ऑगस्ट १९८० मध्ये पोलंडच्या ग्दान्स्क शहरात कामगारांचं म्हणवणाऱ्या राज्यात कामगारांना स्वतःची संघटना मागावी लागली, तेव्हा गोदीच्या फाटकावर त्यांनी पोपचं चित्र लावलं होतं. गोदीचं नाव होतं लेनिन गोदी. उठायची वाट तिथेही नव्हती. पडलेल्याने पडलोच नाही म्हणायचं, हा तिथला कायदा.

खरा कस लागतो तो तिसऱ्या आक्षेपावर. कर्ज सोडायची सवय लागली की कर्ज मिळायचंच बंद होतं. हा आक्षेप बँकांनी शोधलेला नाही, तो बायबलातच आहे: सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरजू भावाला रिकाम्या हाताने परत पाठवायचा कुविचार मनात आणू नका, असं अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात सांगावं लागलं. येशूच्या थोडं आधी होऊन गेलेल्या हिल्लेल या गुरूने तर यावर पळवाटच काढली. सातव्या वर्षाआधी कुणी कर्ज देईना, म्हणून ‘प्रोझबुल’ नावाचा दस्त करायचा, त्याने कर्ज कोर्टाकडे सोपवलं जायचं आणि माफीतून सुटायचं. हे त्याने गरिबांसाठी केलं, सावकारांसाठी नव्हे. दख्खनच्या दंग्यांनंतर १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला, तेव्हाही सावकारांनी हात आखडता घेतलाच. आणि आपल्या कर्जमाफ्या? २००८, २०१७, २०१९. प्रत्येक वेळी ज्याने पोटाला चिमटा काढून हप्ता भरला त्याला मूर्ख ठरल्यासारखं वाटलं. तसं वाटणाऱ्यांत माझे मामा आहेत, म्हणून मी हा आक्षेप हसण्यावारी नेत नाही.

पण मग सरळ विचारतो: कर्ज सोडल्याने व्यवहार बुडतो, हा नियम सगळ्यांना सारखा आहे का? १८५५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला, की कंपनी बुडाली तर भागधारकाने घातलेला पैसा जाईल, पण वसुली त्याच्या घरापर्यंत जाणार नाही. सुप्याच्या वीस वर्षं आधी! साम्राज्याच्या राजधानीत गुंतवणूकदाराच्या चुलीला रेघ मिळाली होती. त्याच साम्राज्यातल्या कुणब्याच्या चुलीला नव्हती. आजचं पाहा. २०१६ मध्ये आपण दिवाळखोरीची नवी संहिता आणली. तिच्यात बुडालेल्या कंपन्यांच्या धनकोंना सरासरीने दाव्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास रक्कम मिळते, उरलेली सोडली जाते. प्रवर्तकाच्या हातून कंपनी बहुधा जाते, हे कबूल. पण धंदा जगतो, आणि अर्थतज्ज्ञ त्याला ‘शहाणपणाची तडजोड’ म्हणतात. त्याच संहितेचा तिसरा भाग व्यक्तींसाठी आहे. तो लागू झाला तो कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. सर्वसामान्य कर्जदारासाठी या घडीला मुंबईत १९०९ चा आणि मुंबईबाहेर १९२० चा कायदा आहे, ज्याची वाट दाखवणारा वकील मला तरी आजवर भेटलेला नाही. योबेल आपल्याकडे आहे, फक्त त्याचा कर्णा कंपन्यांसाठी वाजतो. मग शेतकऱ्याने कर्जमाफी मागितली की ती ‘सवय’ कशी काय होते?

आपल्या कर्जमाफ्यांचं दुखणं माफी हे नाहीच. त्या राजकारणाच्या सोयीने, मंत्र्याच्या फोटोसकट, दया म्हणून येतात. सातव्या वर्षाचं तसं नव्हतं. ते राजाच्या मर्जीवर नव्हतं, पंचांगात होतं. धनकोलाही ते आधीपासून ठाऊक असायचं आणि ऋणकोलाही.

दयेपासून पंचांगापर्यंतचा हा प्रवास एका ख्रिस्ती माणसाने अगदी डोळ्यांदेखत केलेला आहे. फ्रीडरिख विल्हेल्म रायफायझेन, जर्मनीतल्या खेड्यांचा प्रॉटेस्टंट मेयर. १८४६-४७ च्या दुष्काळी हिवाळ्यात त्याने सधन लोकांकडून वर्गणी काढून पाव वाटला. पुढे श्रीमंतांच्या पैशावर गरजूंना मदत करणारी मंडळंही काढली. मग त्याच्या ध्यानात आलं, की देणाऱ्यांचा उत्साह दोन-चार वर्षांत ओसरतो आणि घेणारा होता तिथेच राहतो. १८६४ मध्ये त्याने हेडेसडॉर्फला गाडं फिरवलं. ज्यांना कर्ज हवं त्यांनीच सभासद व्हायचं, एकमेकांना ओळखणाऱ्या छोट्या टापूपुरतीच संस्था ठेवायची, आणि एकमेकांच्या कर्जाची जबाबदारी सगळ्यांनी मिळून घ्यायची. आपल्याकडचा १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा खेड्यांसाठी याच नमुन्यावर बेतला होता. त्यानंतर १९१८ मध्ये वसईत मोन्सिनियर मोनीस यांनी कॅथॉलिक पतसंस्था काढली, ती शेतकऱ्याला सावकाराच्या दारातून बाहेर काढायला. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. सहकाराचं महाराष्ट्रात पुढे काय झालं आणि कुणाचे राजवाडे झाले, ते मराठी वाचकाला मी सांगायला नको.

स्पेनच्या बास्क भागात होसे मारिया अरिस्मेंदियारिएता नावाचा पाद्री १९४१ मध्ये मोंद्रागोन या गावी आला. दोन वर्षांत तांत्रिक शाळा काढली आणि १९५६ मध्ये त्या शाळेच्या पाच विद्यार्थ्यांनी कामगारांच्याच मालकीचा कारखाना सुरू केला. आज त्या समूहात सत्तर हजारांच्या आसपास माणसं काम करतात, आणि सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या पगारातलं अंतर साधारण सहापटीच्या आसपास राखलेलं आहे. पोप जो चौपट-सहापटीचा काळ आठवत होते, तो तिथे अजून चालू आहे, तोही जागतिक बाजारात उभं राहून. डाग आहेतच. परदेशातल्या त्यांच्या कारखान्यांतले कामगार बहुधा मालक नसतात, नुसते नोकर असतात. २०१३ मध्ये त्यांची फागोर ही घरगुती उपकरणांची मोठी संस्था बुडाली. पण बुडाल्यावर तिथल्या कितीतरी सभासदांना समूहातल्या दुसऱ्या संस्थांत काम दिलं गेलं. पडणं तिथेही चुकलं नाही, मात्र पडल्यावर जायचं कुठे ते आधी ठरलेलं होतं.

आता ज्या बाजूने मी बोलतोय तिच्याकडेही बोट वळवतो, नाहीतर दोन्ही अंकल मिळून मला धरतील. १८३८ मध्ये अमेरिकेतल्या जेझुइट या कॅथॉलिक संघाच्या धर्मगुरूंनी जॉर्जटाउनचं महाविद्यालय वाचवायला २७२ गुलाम विकले, लहान पोरांसकट. कर्ज चर्चचं होतं, गहाण पडलेली माणसं दुसऱ्यांची. इतक्या लांबही जायला नको. माझी एक मावसबहीण एका ख्रिस्ती संस्थेच्या शाळेत अकरा महिन्यांच्या करारावर शिकवते. बारावा महिना बिनपगारी, मग नवा करार. सात वर्षं झाली. योगायोग असा, की सातवं वर्ष सुटकेचं असतं हे तीच मुलांना मूल्यशिक्षणाच्या तासाला शिकवते. व्यवस्थापनाकडे विचारणा केली तर उत्तर येतं, ‘‘बाई, हे सेवाकार्य आहे.’’ मजुराची राखून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड प्रभूच्या कानी जाते, असं याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. तो अध्याय त्या शाळेच्या प्रार्थनासभेत अजून वाचला गेलेला नाही. मी चौकशी केली.

त्या रविवारी आवारातलं भांडण शेवटी पावसाने मिटवलं. दोन्ही अंकल एकाच छत्रीत पतपेढीच्या ओसरीवर येऊन उभे राहिले. तिथे काचेच्या फळीत थकबाकीदारांची यादी लावलेली असते, कर्जदाराचं नाव आणि खाली दोन जामीनदारांची. बँकवाले अंकल सवयीने वाचत गेले आणि एका नावावर थांबले. जामीनदारांत लाल बावट्यावाल्या अंकलचं नाव होतं. कर्ज त्यांच्या पुतण्याचं, टेम्पोसाठी काढलेलं. टेम्पो लॉकडाऊनमध्ये विकला गेला. ‘‘किती राहिलंय?’’ बँकवाल्यांनी विचारलं. त्यांनी आकडा सांगितला. ‘‘व्याजात सूट मिळवून कर्ज मिटवता येतं. एकरकमी परतफेडीची योजना आहे, पण अर्ज कमिटीपुढे न्यावा लागतो,’’ बँकवाले म्हणाले, आणि खिशातून पेन काढून पावाच्या माझ्या पिशवीवर कमिटीच्या सेक्रेटरीचा नंबर लिहू लागले.